कानाचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

धामणगाव रेल्वेच्या फलाटावर दिवसातून कितीतरी वेळा एक प्रयोग आपोआप होतो. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत दोघे जण कापसाच्या भावावर बोलत उभे असतात आणि मधल्या रुळावरून मालगाडी धडधडत निघते. समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द काही पोचत नाही. बोलणाऱ्याचा आवाज कमी झालेला नसतो. हवेतून तो तेवढ्याच जोराने कानाशी येत असतो, फक्त कान त्याची दखल घेत नाही. शेवटचा डबा गेला की वाक्याचे शेपूट तेवढे ऐकू येते. शेजारच्या बाकावरचा कॉलेजचा मुलगा या वेळात कानातल्या बिनतारी इअरबडचा आवाज दोन टप्पे वाढवून मोकळा झालेला असतो.

मोठ्या आवाजाखाली लहान आवाज गडप होतो, हे कुणाला नव्याने सांगायला नको. पण कोणता आवाज कोणत्या आवाजाला झाकतो, किती झाकतो आणि कुठवर झाकतो, याचा आकड्यांतला हिशेब मांडायला विसावे शतक उजाडावे लागले. तो मांडणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव हार्वे फ्लेचर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचे. इअरबडमध्ये येणारे गाणे तारेशिवाय इतके चांगले का वाजते, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्या प्रयोगशाळेत सापडते. तिथे काम मात्र चालले होते टेलिफोनचे आणि बहिरेपणाचे.

फ्लेचर यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८४ रोजी अमेरिकेतल्या युटा प्रांतातील प्रोव्हो या गावी झाला. पुढे भौतिकशास्त्रात नाव काढणारा हा विद्यार्थी महाविद्यालयात त्याच विषयाच्या पहिल्या परीक्षेत नापास झाला होता. अभ्यासाला फारसे मनावर न घेतल्याचा तो परिणाम. दुसऱ्या वेळी त्याने सगळी कसर भरून काढली. १९०७ मध्ये पदवी घेतली, १९०८ मध्ये लोरेना चिपमन यांच्याशी लग्न केले आणि हे जोडपे शिकागोला निघाले. तिथल्या विद्यापीठाला प्रोव्होची पदवी पुरेशी वाटेना, त्यामुळे आधी काही विषय पुन्हा शिकावे लागले. मगच संशोधनासाठी प्राध्यापक रॉबर्ट मिलिकन यांच्या हाताखाली जागा मिळाली.

मिलिकन तेव्हा इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी पाण्याचे सूक्ष्म थेंब विद्युतक्षेत्रात तरंगवत ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकातून त्यांचा वेग बघायचा, अशी रीत होती. अडचण अशी की पाण्याचा थेंब दोन-चार सेकंदांत वाफ होऊन नाहीसा होई. न उडणारा द्रव शोधायचे काम फ्लेचर यांच्याकडे आले. १९०९ च्या डिसेंबरात त्यांनी औषधाच्या दुकानातून अत्तराचा फवारा आणला, घड्याळात घालायचे तेल घेतले आणि जुजबी सामानातून उपकरण उभे केले. दिव्याच्या झोतात तेलाचे थेंब रंगीत ताऱ्यांसारखे चमकत, थरथरत तरंगताना दिसले. वीज जोडली तशी काही थेंब वर चढू लागले, काही खाली उतरू लागले. उपकरण पाहून मिलिकनही हरखले. पुढचे कित्येक महिने दोघांनी मिळून मोजमापे केली.

मग एके दिवशी प्राध्यापक स्वतः फ्लेचर यांच्या भाड्याच्या खोल्यांवर आले. घरात जेमतेम महिन्याची मुलगी होती. विद्यापीठाचा नियम असा होता की छापलेला निबंध पीएच.डी.साठी चालवायचा असेल तर त्यावर विद्यार्थ्याचे एकट्याचे नाव हवे. मिलिकन यांनी वाटणी सुचवली. इलेक्ट्रॉनच्या भाराचा निबंध त्यांच्या एकट्याच्या नावावर जाईल, थेंबांच्या थरथरीवरचा, म्हणजे ब्राउनियन गतीचा, निबंध फ्लेचर यांच्या. पहिला निबंध जास्त गाजणार हे दोघांनाही कळत होते. दोन्हींवर दोघांची नावे येतील अशी फ्लेचर यांची अपेक्षा होती, पण पदवी हातात यायची होती आणि पदरात लेकरू होते. त्यांनी मान्य केले. १९११ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. मिलिकन यांना १९२३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि तेलाच्या थेंबाचा प्रयोग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या एकट्याच्या नावाने गेला. आपल्याकडे अकरावी-बारावीला तो शिकणाऱ्यांनीही फ्लेचर हे नाव क्वचितच ऐकलेले असते.

पदवीनंतर ते गावी परतले आणि पाच वर्षे शिकवत राहिले. न्यूयॉर्कच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे बोलावणे अनेकदा आले होते. १९१६ मध्ये त्यांनी ते स्वीकारले. टेलिफोनची यंत्रे बनवणारी ही कंपनी. तिची संशोधन शाखा १९२५ मध्ये बेल प्रयोगशाळा या नावाने वेगळी झाली.

टेलिफोन कंपनीला कानाच्या अभ्यासात रस असण्याचे कारण सरळ पैशाचे होते. शेकडो मैल तार टाकायची तर तिच्यातून आवाजाचा जेवढा कमी भाग पाठवून भागेल तेवढे बरे. पण कोणता भाग गाळला तरी बोलणे समजते आणि कोणता गाळला की सगळा घोटाळा होतो? हे यंत्राला विचारून कळत नाही, माणसाच्या कानालाच विचारावे लागते. फ्लेचर यांच्या गटाने त्यासाठी निरर्थक अक्षरगट वापरले. अर्थ असलेला शब्द माणूस अंदाजाने भरून काढतो, ती पळवाटच बंद केली. एकाने असे अक्षरगट वाचायचे, आवाज गाळणीतून पाठवायचा आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्यांनी ऐकू आले ते लिहायचे. असे हजारो अक्षरगट वर्षानुवर्षे तपासले गेले.

त्यातून निघालेली गोष्ट आजही कानाच्या प्रत्येक डॉक्टरच्या उपयोगाची आहे. बोलण्यातला जोर मुख्यतः खालच्या स्वरांत असतो, म्हणजे आ, ओ, ऊ यांच्यात. अर्थ मात्र बराचसा वरच्या, अगदी दुबळ्या आवाजांवर उभा असतो, जसे स, श, फ, थ. फोनवर साठ आणि आठ यांचा घोळ होतो तो यामुळेच. साध्या टेलिफोनची वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच असते आणि स चा सळसळाट बराचसा त्याच्या वर राहून जातो. म्हाताऱ्या माणसांची तक्रारही हीच असते. ऐकू येते, पण कळत नाही. वयाने आधी वरचे स्वर जातात, स्वरांचा गलका शिल्लक राहतो आणि व्यंजने गळतात. घरच्यांना वाटते, आजोबांना हवे तेवढेच ऐकू येते. त्यात आजोबांचा काही दोष नसतो.

ऐकू किती येते हे मोजायला तोवर घड्याळाची टिकटिक किंवा कानाशी कुजबुज अशी साधने होती. १९२० च्या दशकात फ्लेचर आणि त्यांचे सहकारी, त्यांत एडमंड फाउलर हे कानाचे डॉक्टरही होते, यांनी विजेवर चालणारा श्रवणमापक म्हणजे ऑडिओमीटर तयार केला. प्रत्येक स्वर कमी-कमी करत न्यायचा आणि कुठे ऐकू येईनासा होतो ते कागदावर मांडायचे. आज कान-नाक-घसा विभागात बंद खोलीत हेडफोन लावून जी तपासणी होते, बटण दाबून शिट्टी ऐकू आल्याची खूण करायची असते, ती याच घराण्यातली. शाळांसाठी त्यांनी आणखी एक सोय केली. तबकडीवर आकडे बोलून ठेवले आणि ती एकाच वेळी ४० मुलांना ऐकवली. आवाज पायरीपायरीने उतरत जाई आणि मुले ऐकू येतील ते आकडे लिहीत. पाटी कोरी राहू लागली की त्या मुलाला डॉक्टरकडे धाडायचे. वर्गात लक्ष नसलेला म्हणून मार खाणारा एखादा मुलगा मुळात ऐकूच शकत नाही, हे अशा तपासण्यांतून पुढे येऊ लागले. श्रवणयंत्रांच्या सुरुवातीच्या घडणीतही फ्लेचर यांचा हात होता. १९२९ मध्ये त्यांचे बोलणे आणि ऐकणे या विषयावरचे पुस्तक आले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकी ध्वनिशास्त्र संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

१९३३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार भरगच्च गेले. सहकारी वाइल्डन मन्सन यांच्यासह त्यांनी समान मोठेपणाच्या रेषा प्रसिद्ध केल्या. त्यांचा अर्थ असा की कान सगळ्या स्वरांशी सारखा वागत नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास तो अत्यंत तिखट असतो, तर ५० हर्ट्झचा खर्ज जेमतेम ऐकू यायला त्याहून हजारो पट जास्त शक्ती लागते. आवाज बारीक केला की तबल्यातला डग्गा आधी गायब होतो तो यामुळे.

त्याच वर्षी २७ एप्रिलला वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये श्रोत्यांसमोर रिकामा रंगमंच होता. वाद्यवृंद वाजत होता फिलाडेल्फियात. तिथे तीन ठिकाणी मायक्रोफोन ठेवलेले, तीन वेगळ्या तारा आणि इकडे मंचावर तीन जागी ध्वनिवर्धक. वाद्यवृंदाचे नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की त्या दिवशी वॉशिंग्टनच्या सभागृहात बसून आवाजाची बटणे फिरवत होते. कोणते वाद्य डावीकडे, कोणते उजवीकडे हे डोळे मिटूनही सांगता येत होते. स्टिरिओच्या इतिहासात ही संध्याकाळ मोलाची मानली जाते. सात वर्षांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये असाच कार्यक्रम फिल्मवर मुद्रित करून ऐकवला गेला. वाद्यवृंदाची कुजबुज आणि गडगडाट यांतले अंतर फिल्मला पेलत नव्हते, म्हणून मुद्रणात ते आवळले आणि वाजवताना पुन्हा मोकळे केले. आवाज दाबून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा, हा एक प्रकार झाला. इअरबडमधले दाबणे मात्र वेगळ्या जातीचे आहे.

त्याचे बीज १९४० मध्येच छापलेल्या फ्लेचर यांच्या एका निबंधात आहे. एक स्वर दुसऱ्याला कसा झाकतो याची मोजमापे त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ मध्येच केली होती. खालचा जोरदार स्वर वरच्याला सहज झाकतो, वरचा खालच्याला तितका झाकू शकत नाही, हे तेव्हा दिसले होते. आता त्यांनी एक बारीक स्वर घेतला आणि त्याभोवती घरघर सोडली, जुन्या रेडिओवर दोन केंद्रांच्या मध्ये येते तशी. घरघरीचा पट्टा रुंद करत गेले तसा स्वर अधिकाधिक झाकला गेला. एका मर्यादेनंतर मात्र पट्टा कितीही रुंद केला तरी फरक पडेना. म्हणजे त्या स्वराला बुडवायला फक्त त्याच्या शेजारपाजारची घरघर उपयोगी पडते, लांबच्या घरघरीचा त्याला काही त्रास नाही. कान आवाजाला लहान-लहान पट्ट्यांत वाटून घेतो आणि प्रत्येक पट्ट्याचा निवाडा जवळजवळ स्वतंत्रपणे करतो. यांना क्रांतिक पट्टे म्हणतात. पुढे १९६१ मध्ये जर्मनीच्या एबरहार्ड झ्विकर यांनी ऐकू येणाऱ्या साऱ्या आवाजाची विभागणी अशा २४ पट्ट्यांत करून दिली.

याचा इअरबडशी संबंध असा. सीडीवरचे गाणे म्हणजे निव्वळ आकडे. आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापे, प्रत्येक माप १६ बिटांचे आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या. सेकंदाला १४ लाखांहून अधिक बिट झाले. ब्लूटूथची रेडिओ वाहिनी अरुंद, इअरबडमधली बॅटरी शर्टाच्या बटणाएवढी. नेहमीच्या ब्लूटूथ पद्धतीत चांगल्या दर्जासाठीही सेकंदाला सुमारे ३ लाख २८ हजार बिटच मिळतात. तीन-चतुर्थांशांहून जास्त आकडे वाटेत कमी करायचे आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, असा हा मामला आहे.

बाजार समितीच्या काट्यावर कापसाची गाडी मोजताना ग्रॅमचा हिशेब कुणी धरत नाही. सराफाच्या दुकानात मात्र मिलिग्रॅमही सोडत नाहीत. ध्वनिसंक्षेपात हेच चालते. गाणे आधी पट्ट्यांत वाटले जाते. ज्या पट्ट्यात कान तिखट आहे आणि झाकणारे काही नाही, तिथे सराफाचा काटा लावायचा आणि आकडे बारकाईने ठेवायचे. जिथे ढोलाचा ठोका शेजारचे सगळे बुडवणार आहे, तिथे गाडीचा काटा चालतो. आकडे ढोबळ केले की थोडी खरखर तयार होते, पण ती त्याच ठोक्याच्या सावलीत राहते आणि ऐकू येत नाही. जे मुळीच ऐकू येणार नाही ते सरळ वगळायचे. सगळ्या पद्धती इतक्या चोख नसतात. ब्लूटूथची मूळची साधी पद्धत पट्टे पाडते, पण कानाचा विचार ढोबळच करते. एमपी३ आणि त्यानंतरची एएसी यांत तो पुष्कळ खोलवर आहे.

यातले काहीच फ्लेचर यांनी स्वतः बांधले नाही. १९४९ मध्ये ते बेल प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, तीन वर्षे कोलंबिया विद्यापीठात शिकवले आणि १९५२ मध्ये प्रोव्होला परतून पियानोचा, तंतुवाद्यांचा स्वर कशामुळे तसा वाटतो याची मापे घेत बसले. बेलमध्ये दुसरी पिढी आली होती. कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल, मान्फ्रेड श्रोडर आणि जोसेफ हॉल यांनी १९७९ मध्ये झाकण्याचा हा गुण संगणकी आवाजाचे आकडे कमी करायला कसा वापरावा ते दाखवले. आकड्यांना पट्ट्यांत वाटण्याच्या गणितात बंगळूरचे नासिर अहमद यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या रूपांतराचा मोठा वाटा आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांच्या गटाने हे धागे जुळवले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एमपी३ आले. २०२० मध्ये ब्लूटूथसाठी एलसी३ ही नवी पद्धत जाहीर झाली, कमी बिटांत अधिक चांगला आवाज देणारी. या नव्या ब्लूटूथमागे श्रवणयंत्र बनवणाऱ्यांचा आग्रह होता. बहिऱ्यांच्या तपासणीपासून निघालेला हा प्रवास तिथे पुन्हा श्रवणयंत्रापाशी आला.

फलाटावरच्या त्या मुलाचे काय? गाडीचा खडखडाट गाण्याला झाकतो, म्हणून तो आवाज वाढवतो. गाणे वर येते, पण गाडीचा आवाज कानातून गेलेला नसतो. आता दोन्ही मिळून कानावर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर धोका नाही. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला पाचच तास उरतात आणि धामणगाव ते अमरावती रोजचे जाणे-येणे त्यात केव्हाच संपते. जिनिंगमध्ये यंत्राजवळ दिवसभर उभ्या राहणाऱ्यालाही हेच गणित लागू आहे. अशा गोंगाटाची पहिली खूण श्रवणमापकाच्या आलेखावर बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा होऊन उमटते, माणसाला स्वतःला काही जाणवण्याआधी. दुखावलेल्या कानात ते क्रांतिक पट्टेही रुंद होतात. मग लग्नाच्या मांडवात किंवा बाजारात शेजारच्याचे बोलणे वेगळे काढता येत नाही आणि ते श्रवणयंत्रानेही पूर्ण भरून येत नाही. कानात घट्ट बसणारे, बाहेरचा गोंगाट अडवणारे इअरबड असतील तर आवाज कमी ठेवूनही गाणे ऐकू येते, कारण झाकणारेच कमी झालेले असते.

फ्लेचर यांचे निधन २३ जुलै १९८१ रोजी प्रोव्होत झाले, वयाच्या ९६ व्या वर्षी. त्यांचा मुलगा जेम्स तोवर एकदा नासाचा प्रमुख होऊन गेला होता आणि पुढे पुन्हा झाला. २०१६ मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मरणोत्तर त्यांना दिला गेला.

तेलाच्या थेंबाची हकीकत त्यांनी लिहून एका स्नेह्याकडे ठेवली होती आणि आपण गेल्यावरच छापावी अशी अट घातली होती. मिलिकन १९५३ मध्येच वारले होते. त्यानंतर २८ वर्षे ती छापायला कुणाची हरकत नव्हती, तरी फ्लेचर यांनी ती बाहेर काढली नाही. जून १९८२ मध्ये ती फिजिक्स टुडे या मासिकात आली. अत्तराचा फवारा, घड्याळाचे तेल, भाड्याच्या खोल्यांवरची ती भेट, सगळे तीत होते. आपल्या गुरूविषयी कडू शब्द मात्र त्यांनी लिहिलेला नव्हता.